औषधाची माहिती डॉक्टरला कोण देतं?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात जो डॉक्टर रोज चिठ्ठ्या लिहितो, त्याला नव्या औषधाची माहिती कुठून मिळते? हे मला विचारायचंय, आणि उत्तरं फक्त डॉक्टरांकडून नकोत.

मी परभणी जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करतो. घाटीतून एमबीबीएस होऊन बाहेर पडलो, तेव्हा होती तेवढी फार्माकॉलॉजी डोक्यात होती. त्यानंतर बाजारात आलेल्या जवळजवळ प्रत्येक औषधाचं नाव मी पहिल्यांदा एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, तोंडून ऐकलं. आजूबाजूच्या डॉक्टरांचंही तेच. एमआर मंडळी कष्टाळू आहेत, मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलवर गावोगाव फिरतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या हातातला फोल्डर कंपनीने छापलेला असतो. फायदा मोठ्या अक्षरात, आणि कोणाला देऊ नये ते शोधावं लागतं. याऐवजी जुनं स्वस्त औषध चालेल का, हा प्रश्न त्या फोल्डरमध्ये कधी येतच नाही.

एक उदाहरण देतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, बाटलीवर तसा इशारा छापावा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कळवलं. मुलांच्या सर्दीच्या कितीतरी बाटल्यांत हेच दोन घटक असतात. हे सांगायला माझ्या दवाखान्यात कोणी आलं नाही. येणार कोण? ज्या बातमीत विकायला काहीच नाही, ती घेऊन गावोगाव फिरण्याचा पगार कोणालाच मिळत नाही.

माझं मत असं की ज्यात औषध कंपनीचा एक रुपयाही नाही, अशी माहिती लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरपर्यंत नियमित पोचली पाहिजे आणि तिचे पैसे आम्ही डॉक्टरांनीच मोजले पाहिजेत. तुम्ही काय वाचता, कुठून घेता?

सिंदफणा

चांगला धागा. वाचतेय.

उदगिरी_बाणा

डॉक्टरसाहेब, तुम्हीच असं म्हणूलालाव तर आम्ही पेशंटनं कुणाच्या तोंडाकडं बघावं? पण खरं सांगू का, आमचंबी चुकतं. आमच्याकडं माणूस दवाखान्यात शिरला की पहिलं म्हणतो, "साहेब, सुई द्या." दुसऱ्या दिवशी "सलाइन लावा, अंगात ताकद नाही." जो डॉक्टर सुई देत नाही, त्याच्याकडं गर्दीच नाही. एवढं वाचून तुम्ही शहाणं झालाव आणि पेशंट शेजारच्या दवाखान्यात गेलं, तर मग?

फिरस्ता_नांदेड

माझी सगळी नोकरी एमआर म्हणून गेली. नांदेड, हिंगोली, किनवट, माहूर असा पट्टा. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

दुधनाकाठ, तुम्ही आमच्या कष्टांची दखल घेतली, बरं वाटलं. पण एक बाजू सुटली. किनवटच्या पलीकडे ज्या दवाखान्यांत मी जायचो, तिथे त्या डॉक्टरला औषधाबद्दल काही सांगायला माझ्याशिवाय कोणीच येत नव्हतं. सरकार नाही, विद्यापीठ नाही, संघटना नाही. लस कोणत्या तापमानात ठेवायची, इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, हे मी शिकवलंय. ती माहिती खोटी नव्हती.

आता दुसरी बाजूही लिहितो. कोणता डॉक्टर काय आणि किती लिहितो, हे आम्हाला मेडिकलवाल्यांकडून आधीच कळलेलं असायचं. त्यावरून कोणाकडे महिन्यात किती वेळा जायचं ते ठरायचं. ट्रेनिंगमध्ये डॉक्टरच्या शंकेला उत्तर काय द्यायचं ते पाठ करून घ्यायचे, साइड इफेक्टच्या शंकेलासुद्धा. डॉक्टर दोन मिनिटं देणार, त्यात टार्गेट असलेले ब्रँड संपवायचे. कोणाला देऊ नये, हे सांगायला वेळ उरायचा नाही आणि ते सांगितलं म्हणून कोणाला इन्सेंटिव्ह मिळाल्याचं मी पाहिलं नाही. माणूस वाईट म्हणून असं होत नाही, त्याचं पोट विक्रीवर आहे म्हणून होतं. डॉक्टरांनी कंपनीच्या भेटवस्तू घेऊ नयेत, असा मेडिकल कौन्सिलचा नियम डिसेंबर २००९ मध्ये आला. भेटवस्तूंवर बोट ठेवता येतं. माहितीच एकतर्फी आहे, त्यावर नियम कसा करणार?

टेंभुर्णी_१

गूगल आहे, आता एआय आहे. खिशातला फोन काढायचा आणि विचारायचं. एवढी चर्चा कशाला?

औषधगुण

@टेंभुर्णी_१, फोन हवाच. पण तो शोधून शोधून जे वाचतो, त्यातच गोम आहे. मी मराठवाड्यातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी शिकवते. जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

२००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक तपासणी आली. नैराश्यावरच्या औषधांचे ७४ अभ्यास अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांकडे, नोंदलेले होते. एफडीएच्या मते त्यातले ३८ औषधाच्या बाजूने होते, आणि त्यातले ३७ छापून आले. उरलेले ३६ विरुद्ध किंवा संशयास्पद. त्यातले २२ छापलेच गेले नाहीत, ११ अशा भाषेत छापले गेले की वाचणाऱ्याला औषध लागू पडलं असंच वाटावं. विरुद्ध म्हणून सरळ छापलेले फक्त ३. म्हणजे जो डॉक्टर रात्री जागून मनापासून जर्नल वाचेल, त्याच्याही समोर अर्धंच चित्र येणार. इंटरनेटवर छापलेलंच सापडतं, न छापलेलं सापडत नाही. म्हणून औषध खपलं काय आणि पडून राहिलं काय, ज्याला सारखंच, अशा तिसऱ्या माणसाने सगळे कागद मागवून वाचायला हवेत.

आता फोल्डरमधले आकडे. कोलेस्टेरॉलच्या एका गाजलेल्या गोळीची अमेरिकेत जाहिरात होती: हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की अभ्यासात नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या १०० पैकी ३ जणांना अटॅक आला, औषध घेणाऱ्या १०० पैकी २ जणांना. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं ऐकलेला डॉक्टर समोर येईल त्याला गोळी लिहितो. दुसरं ऐकलेला आधी विचारतो, या माणसाचा मुळातला धोका किती? ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय, त्याला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची ही गोळी) हवंच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिशीतल्या निरोगी माणसाच्या चिठ्ठीबद्दल.

कुठे वाचायचं? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून थेरप्युटिक्स लेटर १९९४ पासून निघतं. जेमतेम दोन पानं, फुकट. ऑस्ट्रेलियन प्रिस्क्रायबर १९७५ पासून, तेही ऑनलाइन फुकट. फ्रान्समध्ये १९८१ पासून प्रेस्क्रीर निघतं: जाहिरात घेत नाही, सगळा खर्च वाचकांच्या वर्गणीतून. तिथे बेनफ्लुओरेक्स नावाचं औषध मधुमेहींना द्यायचे, वजन कमी करायलाही सर्रास लिहायचे. प्रेस्क्रीर कित्येक वर्षं त्याविरुद्ध लिहीत होतं. हृदयाच्या झडपा खराब होतात हे दिसल्यावर २००९ मध्ये ते तिथल्या बाजारातून गेलं. त्या मासिकाला जाहिरातींवर जगायचं असतं, तर इतकी वर्षं त्याने ते लावून धरलं असतं, असं मला वाटत नाही.

गंगाखेडचा_गणू

"जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणारे आम्ही. कॅनडा झालं, फ्रान्स झालं, ताई, जर्मनीचं काय ते सांगा!

औषधगुण

@गणू, आहे की! बर्लिनचं आर्झ्नाय-टेलेग्राम, जाहिरात न घेता वर्गणीवर काढलेलं. आता परभणीचं तेवढं बाकी आहे.

काउंटरमागून

बीड जिल्ह्यात माझं मेडिकल आहे. कोणता डॉक्टर काय लिहितो ते आमच्याकडून कळतं, हे फिरस्ता यांनी लिहिलं ते खरं आहे. मी सांगत नाही, पण विचारायला येतात.

मला मिश्रणांबद्दल लिहायचंय, कारण परदेशी पत्रकांत हे सापडणार नाही. एका गोळीत तीन-तीन, चार-चार औषधं घालून विकायचा बाजार जेवढा आपल्याकडे आहे तेवढा त्यांच्याकडे नाही. १० मार्च २०१६ ला केंद्राने ३४४ मिश्रणं बंद केली. कंपन्या कोर्टात गेल्या, डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. आता यातली अडचण बघा. मिश्रण बंद होतं, ब्रँडचं नाव बंद होत नाही. कंपनी त्याच नावाखाली आतली औषधं बदलून नवी स्ट्रिप आणते. डॉक्टर पूर्वीचंच नाव लिहितात, पेशंटच्या पोटात वेगळंच औषध जातं. आम्ही स्ट्रिप उलटी करून घटक वाचतो म्हणून आम्हाला कळतं. ज्याला पित्ताचा त्रास आहे त्याला नव्या घटकाने काय होईल, हे डॉक्टरला कळवायचं कोणी? मी फोन करतो. काही डॉक्टर आभार मानतात, काही म्हणतात तू दुकान सांभाळ.

वैद्य_अंबड

इथे सगळे एमबीबीएस धरून बोलताय. अंबड, घनसावंगी, मंठा या भागातल्या खेड्यांत रात्री दोन वाजता दार उघडणारा डॉक्टर बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. मी बीएएमएस आहे. आमच्या होमिओपॅथीच्या मित्रांसाठी राज्याने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स काढला, त्यावरून मुंबईत केवढा वाद चाललाय. वाद कोर्टात मिटेल तेव्हा मिटेल, पण आज तो माणूस चिठ्ठी लिहितोय आणि त्याच्याकडे फोल्डरशिवाय काही नाही. इंग्रजीतलं दोन पानी पत्रकसुद्धा तो संध्याकाळी पेशंट संपल्यावर वाचेल असं वाटत नाही. मराठीत हवं, एका पानाचं हवं, आणि लहान मुलांचा डोस मिलीमध्ये लिहिलेला हवा.

शल्यक

ज्यांचं शिक्षण त्या पॅथीचं नाही, त्यांना मराठी पत्रक देऊन अॅलोपॅथी लिहायला लावायची? आधी ही क्रॉसपॅथी, म्हणजे एका पॅथीच्या डॉक्टरने दुसऱ्या पॅथीची औषधं लिहिणं, बंद करा, माहितीचं नंतर बघू.

वैद्य_अंबड

बंद करा म्हणणं सोपं आहे साहेब. तुम्ही या आमच्या गावात राहायला, मी आनंदाने नाडी बघत बसतो.

दुधनाकाठ (धागाकर्ता)

हा वाद मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढू, मीही येईन. इथे एवढंच म्हणतो की ज्याच्या हातात पेन आहे त्याला खरी माहिती मिळाली, तर पेशंटचं नुकसान कमी होईल. पदवी कोणतीही असो.

उपकेंद्र

मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्याकडे एमआर येत नाहीत, कारण आम्हाला ब्रँड लिहायचेच नसतात. ठरलेल्या यादीतली औषधं येतात, कधी वेळेवर, कधी नाही. औषधं कमी असली की त्यांची ओळख पक्की होते, हा माझा अनुभव. १९७५ मध्ये हाथी समितीने मोजक्या आवश्यक औषधांवर भर द्यायला सांगितलं होतं, आम्हाला ते शिकवताना सरांनी सांगितलेलं लक्षात आहे. देशाच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीत ३८४ औषधं आहेत, आणि गावातल्या बहुतेक आजारांना त्यातली थोडीच लागतात.

पण बाहेरच्या बाजाराचा त्रास आम्हालाही होतो. उन्हाळ्यात जुलाबाची लेकरं येतात तेव्हा आई हातात टेट्रापॅक घेऊन येते, त्यावर मोठ्ठं ओआरएस लिहिलेलं, आत नुसती साखर. साखर जास्त झाली की जुलाब वाढतात. खऱ्या पुडीत लिटरभर पाण्याला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि सोडियम, पोटॅशियम मोजून घातलेलं असतं. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई यासाठी वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. हे टेट्रापॅक आईला कोणी सांगितले होते? बऱ्याचदा चिठ्ठीवरच लिहिलेले असायचे.

सिंदफणा

उपकेंद्र ताई, हे वाचून मी पुतणीच्या घरी फोन केला. फ्रिजमध्ये तेच टेट्रापॅक आहेत.

जाफराबादी

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच आहे. आमच्या जालना जिल्ह्यातल्या मातीतले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडला जाऊन राहिले. विंचू चावून माणसं फटाफट जात होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध विंचवाच्या विषावर चालतं हे दाखवलं. लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या वडिलांना सोयाबीनच्या काढणीत लाल विंचू चावला होता, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी हीच गोळी दिली.

सांगायचा मुद्दा हा की प्राझोसिनसाठी कोणत्या कंपनीने फोल्डर छापला असता? त्यात नफा नाही. माहिती स्वतंत्र असण्याचा अर्थ नुसतं कंपनीचं खोटं पकडणं एवढाच नाही. ज्या स्वस्त औषधाला कोणी वालीच नाही, त्याचं नाव डॉक्टरच्या कानावर घालणं, हेही त्यात येतं.

फिरस्ता_नांदेड

@जाफराबादी, हे पटलं. पेटंट संपलेलं औषध सांगायला मी कोणत्याच डॉक्टरकडे कधी गेलो नाही. आमच्या यादीत ती नसायचीच.

शल्यक

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. "स्वतंत्र" म्हणजे कोण? मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समित्यांतल्या तज्ज्ञांनाही कंपन्या भाषणाचे पैसे देतात. आमच्या सीएमईला (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या कार्यक्रमांना) हॉल कोणाचा, जेवण कोणाचं? नोंदणी टिकवायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत ३० गुण लागतात, आणि ते मिळवायला जिथे जाल तिथे कंपनीचा बॅनर. मग कुठला प्राध्यापक स्वतंत्र म्हणायचा?

औषधगुण

@शल्यक, आक्षेप रास्त आहे. मी तीन गोष्टी बघते. पैसे कोणी दिले ते छापलंय का? औषधाची तुलना साखरेच्या गोळीशी केली की आधीच्या चांगल्या औषधाशी? आणि निकाल म्हणून काय मोजलं, रक्तातला आकडा की माणूस जगला, चालला, दवाखान्यात भरती कमी झाला? रक्तातला आकडा सुधारून माणसाचं काहीच भलं न करणारी औषधं आम्ही दरवर्षी शिकवतो.

आपल्याकडेही अगदी वाळवंट नाही. मिम्स इंडिया या औषधांची माहिती देणाऱ्या नियतकालिकाचे संपादक डॉ. सी. एम. गुल्हाटी यांनी पुराव्याविना मान्यता मिळालेल्या औषधांवर सातत्याने लिहिलं. संसदेच्या स्थायी समितीने मे २०१२ च्या ५९ व्या अहवालात औषध नियंत्रण यंत्रणेवर याच कारणासाठी कडक ताशेरे ओढले. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २०१९ पासून उपचारांचे एकेका पानाचे तक्ते काढलेत, फोनवर फुकट मिळतात. नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया हे औषधांचं संदर्भपुस्तक आहे. आणि औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या नंबरवर कोणीही कळवू शकतं, डॉक्टरच असायला हवं असं नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा हा सरकारी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, पण तालुक्यांतून नोंदी फारशा येत नाहीत. गोळीने अंगावर पुरळ उठलं तर आपल्याकडे "उष्णता झाली" म्हणून सोडून देतात. नोंद झाली नाही, तर पुढच्या डॉक्टरला कळणार कसं?

उदगिरी_बाणा

ताई, तो नंबर आमच्या किराणा दुकानात लावलाव बघा. पण माझ्या पहिल्या प्रश्नाचं कुणी उत्तर देईना. सुईचं काय?

उपकेंद्र

भाऊ, त्याचं उत्तर मी देते. आमच्या गावात एक वर्षभर प्रत्येक पेशंटला तोंडाने सांगितलं: तापाला सुई लागत नाही, गोळी पुरते, तीन दिवसांत उतरला नाही तर परत या. सुरुवातीला लोक रागावले. पण परत या म्हटलं की माणसाला धीर येतो. सुई मागणारे आता कमी झालेत, संपले नाहीत.

दुधनाकाठ (धागाकर्ता)

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. @शल्यक, तुमच्या आक्षेपामुळेच पैशाचा मुद्दा मला परत मांडायचा आहे. फुकट जेवणाच्या सीएमईत आपण बसतो, तेव्हा माहितीची किंमत पेशंट चिठ्ठीतून भरत असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपन्यांना करातून वजा करू दिला नाही, त्या निकालातही हेच म्हटलंय की शेवटी या भेटींचा बोजा औषधाच्या किमतीवर पडतो.

मी इथल्या डॉक्टरांशी बोललो. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस सगळे येणार. महिन्यातून एका रविवारी, हॉलचं भाडं आणि चहा वर्गणीतून, बॅनर नाही, सॅम्पल नाही. एका बैठकीत एकच विषय आणि त्याचं मराठीत एक पान. पहिला विषय: पाच वर्षांखालच्या मुलांचा सर्दी-खोकला. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी सिरपने मुलं दगावली, त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवलं की दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं लिहूच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. मग आईला द्यायचं काय, सांगायचं काय, हे त्या पानावर हवं. @औषधगुण, तुम्ही पान तपासून द्याल का?

औषधगुण

देते. त्यात हेही घाला की अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं, तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करायला उपयोगी पडत नाही. म्हणजे बाळाला धोका नको हा एक मुद्दा, आणि मोठ्यांनाही फायदा नाही हा दुसरा. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, दूध-पाणी चालू ठेवणं, आणि श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जात असली तर लगेच दवाखाना. मध एक वर्षाखाली नाही, हे ठळक लिहा.

वैद्य_अंबड

पान झालं की मला पाठवा. अंबडला आम्हीही बसू. @शल्यक, तुम्ही बोलायला आलात तर आवडेल, मनापासून म्हणतो.

शल्यक

तारीख कळवा. येईन.

काउंटरमागून

मी आज दुकानातल्या मुलांच्या सर्दीच्या बाटल्या काढून एकेकीचे घटक लिहून काढले. तीन ब्रँडमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन आहे, एकावर चार वर्षांचा इशारा सापडत नाही. ही बाटली विकायची की नाही?

औषधगुण

विकू नका, बाजूला ठेवा. पुढून-मागून फोटो काढा, बॅच नंबर आणि तयार झाल्याची तारीख लिहा, आणि आपल्या राज्याच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) जिल्हा कार्यालयात औषध निरीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या. स्टॉकिस्टलाही तीच प्रत द्या. यादी दुधनाकाठ यांना पाठवा, पानाच्या मागच्या बाजूला घटकांसह छापता येईल.